आता नाही, पण नंतर येशील

एका तरुण मुलीने मला लिहिलेला प्रश्न तिच्या परवानगीने थोडक्यात देतो: "पाळकसाहेब, दोन वर्षांपूर्वी तरुणांच्या शिबिरात शेवटच्या रात्री मी पुढे गेले आणि 'प्रभू, माझं सगळं तुझं' असं म्हटलं. मनापासून म्हटलं. आता पुण्यात नोकरी करते. मागच्या महिन्यात डबा खाताना एका मैत्रिणीने विचारलं, 'तू ख्रिश्चन आहेस का गं?' मी म्हटलं, 'आमच्या घरी सगळंच चालतं,' आणि गळ्यातला क्रूस ओढणीखाली सारला. अब्राहामाने मुलगा दिला, मला एक उत्तर देता आलं नाही. मग त्या रात्रीचं समर्पण खोटं होतं का? मी पेत्र की यहूदा? वचन पुन्हा द्यायचं का? आणि क्रूस आता बाहेर काढला तर ते ढोंग होईल का?"

प्रिय मुली, सलाम.

पाळक म्हणून काम करता करता माझी तीस वर्षं उलटली. उपवासकाळ आला की तुझ्यासारखा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच, आणि बहुधा उपासना संपून सगळे पांगल्यावर येतं. प्रत्येकाला वाटतं की असं फक्त आपल्याच हातून झालं. म्हणून जरा सविस्तर लिहितो. क्रुसाचा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतो.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाचा शेवट काढ. येशूने शिष्यांचे पाय धुऊन झालेत, त्याला धरून देणारा यहूदा बाहेर पडलाय, रात्र झाली आहे. पेत्र हा शिष्य विचारतो, प्रभू, तू कुठे जातोस? येशू म्हणतो, मी जातो तिथे तुला आता माझ्यामागे येता येणार नाही, पण नंतर येशील. पेत्राला त्यातलं 'नंतर' ऐकूच येत नाही. तो 'आता'वर अडून बसतो. आता का नाही? तुझ्यासाठी मी माझा जीव देईन! त्यावर मग कोंबड्याची गोष्ट निघते: कोंबडा आरवण्याआधी तू मला तीन वेळा नाकारशील.

हा क्रम मी कितीतरी वर्षं उलटा धरून चाललो होतो. पेत्र पडला, रडला, त्याला क्षमा झाली आणि मग पुन्हा कामाला घेतलं, असा. पण 'नंतर येशील' हा शब्द नाकारण्याच्या आधीचा आहे. तीन वेळा नाकारशील असं ज्याने सांगितलं, त्यानेच त्याच्या आधी हे सांगून ठेवलं होतं. पेत्राने दिलेलं वचन कोंबडा आरवेपर्यंतही टिकलं नाही. पेत्राला दिलेलं वचन टिकलं. तुझ्या पत्रात तू फक्त तुझ्या वचनाबद्दल लिहिलं आहेस, दुसऱ्याबद्दल एक ओळही नाही. माझं सगळं उत्तर त्या दुसऱ्या वचनाबद्दल आहे.

पेत्राचं बोलणं खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. काही तासांनी बागेत शिपाई, मशाली, शस्त्रं घेऊन जमाव आला तेव्हा त्याने खरोखर तलवार उपसली आणि महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान कापला. एवढ्या लोकांपुढे एकटा माणूस तलवार काढतो तो जगायचा हिशेब करून काढत नाही. त्या क्षणी तो मरायला तयार होता. मग येशूने तलवार म्यानात घालायला सांगितली, आणि पेत्राजवळ करण्यासारखं काहीच उरलं नाही. लढून मरायची त्याची तयारी होती. ज्याचे हात बांधलेत, जो उलट उत्तरही देत नाही, त्या माणसाचा मी आहे असं म्हणत उभं राहायची तयारी नव्हती. म्हणून तलवारीपुढे न डगमगलेला पेत्र महायाजकाच्या वाड्याच्या दारावरच्या एका दासीच्या प्रश्नापुढे डगमगला. 'तूही त्या माणसाच्या शिष्यांपैकी आहेस ना?' प्रश्न एवढाच होता.

तुझा डब्याचा प्रसंग मला याच जातीचा वाटतो. तिथे जिवाची भीती नव्हती. चार जणींच्या घोळक्यातून आपण थोडे बाजूला पडू, ही भीती होती. मोठं समर्पण शिबिरात, गाण्याच्या सुरात, सगळे बरोबर उभे असताना होतं. त्याची परीक्षा मात्र, वाड्यात शेकत उभ्या असलेल्या पेत्राची झाली तशी, शेकोटीपाशी होते, जिथे आपण एकटे असतो आणि विचारणाऱ्याला त्या प्रश्नाचं फारसं काही वाटत नसतं.

आणि 'आता का नाही' याचं उत्तर? पेत्र ज्याच्यासाठी जीव द्यायला निघाला होता, त्यानेच आधी पेत्रासाठी जीव द्यायचा होता. दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा प्राण माझ्याकडून कुणी हिरावून घेत नाही, मी आपण होऊन तो देतो. ज्याला आपण खुशीचं अर्पण म्हणतो त्याचं मूळ तिथे आहे. पेत्राला रांगेत पहिलं उभं राहायचं होतं. ती जागा त्याची नव्हती.

'खुशीचं' हा शब्द मी वापरला खरा, पण तो आपल्याला फसवतो. मराठीत आपण स्वखुशीने म्हणतो, आणि मग वाटतं की देताना मन आनंदाने भरून यायला हवं, नाहीतर ते देणं खरं नव्हे. अटकेच्या रात्री येशूने गेथशेमाने बागेत प्रार्थना केली, तिथे खुशी कुठे आहे? तिथे घाम आहे, जमिनीवर पडणं आहे, 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' ही विनवणी आहे, आणि मग 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' आहे. कुणी बळजबरी केलेली नाही आणि मनाला ते आवडलेलंही नाही. पुढे योहानाच्याच एकविसाव्या अध्यायात पेत्रालाही येशू सांगतो की म्हातारपणी दुसरा कुणीतरी तुझी कंबर बांधेल आणि तुझी इच्छा नसेल तिथे नेईल. ज्या माणसाने उसळून 'जीव देईन' म्हटलं, त्याचं शेवटचं अर्पण 'इच्छा नसेल तिथे' जाण्याचं होतं. शिबिरात तुला जो उमाळा आला तो आता येत नाही, एवढ्यावरून समर्पण संपलं असं समजू नकोस.

आता अब्राहाम. "अब्राहामाने मुलगा दिला" असं तू एका ओळीत लिहिलंस. देवाच्या सांगण्यावरून तो मुलगा इसहाक याचं अर्पण करायला मोरियाच्या डोंगरावर निघतो, तो उत्पत्तीचा बावीसावा अध्याय एकटा वाचला की माणूस डोंगराएवढा दिसतो. त्याच्या आधीचे दहा अध्याय वाच. पंच्याहत्तराव्या वर्षी तो घर सोडतो. दुष्काळ पडताच मिसरात जातो आणि जीव वाचवायला बायकोला बहीण म्हणतो. देवाने वचन दिलेला मुलगा होईना म्हणून बायकोची दासी हागार हिची वाट धरतो. देव पुन्हा वचन देतो तेव्हा पालथा पडून मनात हसतो. आणि विसाव्या अध्यायात, इसहाकाच्या जन्माच्या उंबरठ्यावर, गराराच्या अबीमलेख राजापुढे तेच जुनं खोटं पुन्हा बोलतो. तीच बायको, तीच 'बहीण'. एवढ्या वर्षांत तो धडा शिकला नव्हता. त्यानंतर दोनच अध्यायांनी मोरिया येतो. 'तू कोण आहेस' या प्रश्नापुढे अब्राहामही घसरला होता, तुझ्यासारखाच, आणि तेही दोनदा.

त्या अध्यायात अब्राहाम तीन वेळा एकच इब्री शब्द बोलतो: हिन्नेनी, म्हणजे 'हा मी आहे'. एकदा देवाला, एकदा मुलाला, एकदा ऐन वेळी त्याचा हात थांबवणाऱ्या दूताला. मधला मला सगळ्यांत जड वाटतो. हातात विस्तव आणि सुरी, मुलाच्या खांद्यावर लाकडं, आणि मुलगा हाक मारतो, 'बाबा.' अब्राहाम म्हणतो, 'हा मी आहे, बाळा.' विस्तव आहे, लाकडं आहेत, कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव स्वतः कोकरू पाहून देईल. आणि ते दोघं बरोबर चालत राहिले. हे 'दोघं बरोबर चालले' शास्त्राने त्या दोन-तीन ओळींत दोनदा लिहिलंय. यहुदी परंपरेने इसहाकाला कळता-सवरता, राजी असलेला तरुण मानलं आहे, आणि होमाला पुरतील एवढी लाकडं ज्याने डोंगरावर वाहिली तो तान्हा नव्हता हे तर उघडच आहे. शेवटी त्या जागेला नाव पडतं ते 'परमेश्वर पाहून देईल' असं. अब्राहामाने काय दिलं यावरून नाव पडलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. या अध्यायावरून उपदेश करताना काही जण घरच्या माणसांवर ओझं टाकतात: प्रभूसाठी बायको-मुलांचाही विचार करू नका. हे मला पटत नाही. त्या प्रवासात इसहाकाच्या आईला, सारेला, कुणी विचारल्याचं शास्त्रात नाही, आणि पुढच्याच अध्यायात तिच्या मरणाची बातमी आहे. आपल्याच मराठी मंडळीतलं पाहा. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगलं. लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि 1900 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तो त्यांच्या स्वतःच्या विश्वासाने, नवऱ्याच्या मागे ओढल्या जाऊन नव्हे. मधल्या वर्षांची किंमत त्यांनी मोजली, आणि ती द्याल का असं आधी कुणी विचारलं नव्हतं. तू जे देशील ते तुझंच असू दे. दावीद राजा अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांधायला गेला तेव्हा अरवना बैल, लाकूड सगळं फुकट द्यायला तयार होता. दावीद म्हणाला, मला ज्याचं काही मोल पडलं नाही असं होमार्पण मी माझ्या देवाला करणार नाही, आणि पन्नास शेकेल चांदी मोजून त्याने खळं आणि बैल विकत घेतले. दुसऱ्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायाप्रमाणे शलमोनाचं मंदिर त्याच खळ्याच्या जागी, मोरिया डोंगरावर, उभं राहिलं. आणि दावीद तिथे गेला होता तो स्वतःच्याच पापामुळे, शिरगणतीनंतर आलेली मरी थांबावी म्हणून.

निर्गमातही असंच आहे. बत्तीसाव्या अध्यायात लोक बायकामुलांच्या कानांतलं सोनं काढून मोशेचा भाऊ अहरोन याला देतात आणि त्याची वासराची मूर्ती होते. पस्तीसाव्या-छत्तीसाव्या अध्यायांत तेच लोक देवाच्या निवासमंडपासाठी सोनं आणतात, ज्याचं मन त्याला प्रवृत्त करील त्याने आणावं अशी हाक असते, आणि इतकं येतं की मोशेला छावणीत दवंडी पिटावी लागते की आता पुरे, आणू नका. लोक तेच, कुंडलंही तशीच. मी हंगामाच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची पोती, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या पाहतो तेव्हा मला हे आठवतं. ज्या हातांनी ते आणलंय त्यांनी वर्षभर काय काय केलं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं. देवालाही असतं. तरी तो 'आणा' म्हणतो.

होशेय संदेष्ट्याने हे दुखणं नेमकं पकडलंय. सहाव्या अध्यायात देव म्हणतो, तुमची प्रीती सकाळच्या ढगासारखी, लवकर उडून जाणाऱ्या दहिवरासारखी आहे. चौथ्या वचनात तिथे जो इब्री शब्द आहे, हेसेद, तोच सहाव्या वचनात पुन्हा येतो: मला यज्ञ नको, हेसेद हवी. त्यात दया आहे, निष्ठा आहे, नातं न सोडणं आहे. जी गोष्ट लोकांजवळ टिकत नाही, नेमकी तीच देव मागतो. येशूने हे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात दोनदा उच्चारलं आहे, आणि पहिल्यांदा उच्चारलं ते मत्तय जकातदाराच्या घरी, नको त्या माणसांबरोबर जेवताना.

"मी पेत्र की यहूदा?" हा प्रश्न तू रडत लिहिलास असं मला वाटलं. यहूदालाही पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो येशूला धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी याजकांकडे परत घेऊन जातो आणि उघड म्हणतो, मी निर्दोष रक्ताला धरून देऊन पाप केलंय. पापाची कबुली म्हणून पाहिलं तर ती पेत्रापेक्षा स्पष्ट आहे. पेत्र फक्त रडला. फरक असा की यहूदा कबुली घेऊन ज्यांच्याकडे गेला त्यांनी म्हटलं, 'त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा.' आणि तो एकटाच बाहेर पडला. पेत्र रडून कुठे गेला? रविवारी सकाळी तो इतर शिष्यांमध्ये आहे. मार्कात कबरेपाशी बायकांना निरोप मिळतो तो 'त्याच्या शिष्यांना आणि पेत्राला जाऊन सांगा' असा. नाव घेऊन. म्हणून मी कुणालाही एकच सांगतो: पडल्यावर एकटं राहू नकोस, आणि 'तुझं तू पाहा' म्हणणाऱ्यांकडे जाऊ नकोस. यहूदाच्या मरणावरून कुणाच्या घरातल्या मरणावर शिक्का मारायचा अधिकार मात्र आपल्याला कुणी दिलेला नाही. असं दुःख सोसलेली घरं आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत.

लूकाच्या बावीसाव्या अध्यायातली एक जागा मराठीत वाचताना नीट उमगते. सैतानाने 'तुम्हांला' गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी 'तुझ्यासाठी' विनंती केली आहे, असं येशू शिमोनाला, म्हणजे पेत्राला, म्हणतो. चाळणीत सगळेच होते. विनंती एकाचं नाव घेऊन झाली, आणि ती पेत्र पडू नये अशी नव्हती. विश्वास ढळू नये अशी होती, आणि 'वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर' असं पुढचं कामही तिथेच सांगितलं होतं.

सुरुवातीच्या मंडळीने हे प्रश्न जिवावरच्या प्रसंगांत सोडवले आहेत. दुसऱ्या शतकात स्मुर्णा इथला म्हातारा बिशप पॉलिकार्प जाळला गेला. त्याची हकिगत तिथल्या मंडळीने पत्राने कळवली, त्यात क्विंटस नावाच्या एका माणसाचा उल्लेख आहे. तो आपणहून पुढे गेला, इतरांनाही भरीला घातलं, आणि हिंस्र पशू पाहिल्यावर घाबरून त्याने मूर्तींपुढे अर्पण केलं. मंडळी लिहिते की जे आपणहून स्वतःला हवाली करतात त्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. पॉलिकार्प मात्र मित्रांचं ऐकून आधी शेतावरच्या घरी निघून गेला होता. पकडल्यावर ख्रिस्ताची निंदा कर म्हटलं तेव्हा त्याचं उत्तर होतं, 86 वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं काहीच वाईट केलं नाही. मग मी माझ्या राजाची निंदा कशी करू? पुढे 250 साली सम्राट डेसियसच्या हुकमाने देवांना अर्पण केल्याचा दाखला घ्यावा लागला, तेव्हा कार्थेजमध्ये कितीतरी ख्रिस्ती लोक वाकले. बिशप सिप्रियन लपून राहिला आणि त्याबद्दल त्याने बोलणीही खाल्ली. वाकलेल्यांना कायमचं बाहेर ठेवा म्हणणारे होते. 251 मध्ये कार्थेजच्या सभेने पश्चात्तापाची वाट ठरवून दार उघडं ठेवलं. तोच लपलेला सिप्रियन 14 सप्टेंबर 258 रोजी शांतपणे तलवारीखाली गेला. त्याच्या बाबतीतही तो 'नंतर' आठ वर्षांनी आला.

आता तुझ्या वचनाकडे येऊ. योहानाने कोळशांच्या विस्तवासाठी वापरलेला ग्रीक शब्द सगळ्या नव्या करारात दोनच ठिकाणी आहे. एक महायाजकाच्या वाड्यात, जिथे पेत्र शेकत उभा राहून नाकारतो. दुसरा तिबिर्य समुद्राच्या काठावर, जिथे उठलेला येशू मासे भाजून न्याहारी मांडतो. तोच धूर, तोच वास. तिथे तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? त्यातल्या दोन ग्रीक क्रियापदांवर पुष्कळ लिहिलं जातं, पण योहान ते शब्द इतरत्र एकमेकांच्या जागी वापरतो, म्हणून मी त्यावर फारसा भार देत नाही. मला पेत्राच्या उत्तराचं जास्त वाटतं. तो आता 'इतर सगळे अडखळले तरी मी नाही' म्हणत नाही. 'प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे' म्हणतो. आणि येशू त्याच्याकडून नवी शपथ घेत नाही. काम देतो: माझी मेंढरं पाळ.

त्यानंतरही पेत्र एका झेपेत स्थिर झाला नाही. अंत्युखियात यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची यहुदी माणसं आली तेव्हा तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला, आणि पौलाला त्याला सगळ्यांसमोर सुनवावं लागलं. पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे आपल्या मराठी मंडळ्यांना कुणी समजावून सांगायला नको. आपल्याकडे ते अजून पुरतं गेलेलं नाही. त्याच पेत्राने पुढे रोममध्ये मरण पत्करलं, असं मंडळीची परंपरा सांगते.

म्हणून पुन्हा पुढे जाऊन तेच वचन मोठ्याने देऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. पहिलं खोटं नव्हतं, त्यामुळे ते बदलून घेण्याची गरज नाही. तुझ्या मंडळीतल्या एका माणसाला, पाळकांना किंवा तुझ्या विश्वासातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना, डब्याची गोष्ट जशी घडली तशी सांग. येत्या प्रभुभोजनाला आपण लायक नाही म्हणून मागे बसू नकोस. पहिल्या प्रभुभोजनाला पेत्रही बसला होता, आणि येशूला त्याचं सगळं माहीत होतं.

आता क्रूस. तो बाहेर काढायचा की आत ठेवायचा, हे आधी ठरवू नकोस. आधी त्या मैत्रिणीशी बोल. डबा खातानाच, सहज: "त्या दिवशी तू विचारलंस ना, मी टाळलं. मी ख्रिस्ती आहे. तेव्हा सांगायला घाबरले होते." एवढंच. ती बहुधा "अगं, त्यात काय!" म्हणेल आणि भाजी पुढे करेल. कदाचित नाही म्हणणार. काय म्हणाली ते मला लिहून कळव.

तुझा पाळक